वाचनालयाचा संगणक, बाई आणि दोन लिनक्स

दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५ रोजी, आमच्या वाचनालयातल्या संगणकाची पूजा झाली. मॉनिटरला हळदकुंकू, सीपीयूवर झेंडूची दोन फुले, कीबोर्डवर आपट्याची पाने. नमस्कार करून झाल्यावर ग्रंथपाल बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "परवा तू ह्याच्या पोटातलं सगळं काढणार ना? मग आज गोडधोड खाऊ दे बिचाऱ्याला."

वाचनालय सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे. 'ब' वर्ग, पुस्तके अकरा हजारांच्या घरात, वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षावाल्या मुलांची अभ्यासिका. मी तिथला लहानपणापासूनचा सभासद. आता पुण्यात नोकरीला आहे, महिन्यातून एकदा घरी जातो. कॉम्प्युटरमधला म्हणून गावात ज्याचे नाव होते त्याच्याकडे सगळ्यांचे पेनड्राइव्ह येतात, तसे हे कामही आले. सांगायची गोष्ट अशी की मी ते काम दोनदा केले. पहिल्यांदा फसलो, दुसऱ्यांदा जमले. यंत्र तेच, माणसे तीच आणि दोन्ही वेळा लिनक्सच, म्हणजे विंडोजच्या जागी फुकट टाकता येणारी सिस्टीम. मधल्या पंधरा दिवसांत मला जे उमगले ते इथे लिहितो आहे.

अडचण काय होती

संगणक २०१५ चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. तिची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपत होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणजे आमच्या यंत्राला दार बंद. वर्षभराची जादा मुदत घेता आली असती, पण वर्षाने हाच विषय पुन्हा समितीपुढे आला असता. दुकानदाराने नव्या संगणकाचे दरपत्रक दिले. ते बघून कार्यवाह अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमच्या समितीत ठराव नामंजूर करण्याची ती रीत आहे.

संगणकावर कामे तरी किती? दाखल नोंदवही एक्सेलमध्ये, पत्रव्यवहार मराठीत, वार्षिक अहवाल, प्रिंट, शनिवारी मुलांच्या गोष्टीच्या तासाला व्हिडिओ, आणि अभ्यासिकेतल्या मुलांचे फॉर्म भरायला नेट. पुस्तकांची देवघेव अजून कार्डांवरच चालते. मी समितीला सांगितले, लिनक्स टाकू, पैसे लागणार नाहीत, यंत्र पाच वर्षे आणखी चालेल. अण्णांनी चष्मा पुन्हा घातला.

पहिला प्रयोग

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर जे लिनक्स आहे तेच मी ४ ऑक्टोबरच्या शनिवारी वाचनालयात टाकले. त्याचे नाव सांगत नाही. लिनक्सची बरीच रूपे मिळतात, त्यांना वितरणे म्हणतात. ते चांगले वितरण आहे आणि त्यात दोष नव्हता, निवड माझी चुकली. मला ते आवडते म्हणून ते बाईंनाही आवडेल असे मी धरून चाललो होतो. आपल्याला आवडलेली कादंबरी समोर येईल त्याच्या हातात कोंबणारे सभासद असतात, त्यातलाच प्रकार.

त्यावर ग्नोम नावाचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, होता. तो दिसायला अगदी स्वच्छ. खाली पट्टी नाही, डेस्कटॉपवर चिन्हे नाहीत, खिडकीच्या कोपऱ्यात फक्त फुली. खिडकी खाली घ्यायचे, म्हणजे मिनिमाइझचे, बटणच नाही. ग्नोमने २०११ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत हा घाट घातला, तेव्हा जगभर बरीच धुसफूस झाली होती. मेट आणि सिनॅमन हे दोन डेस्कटॉप त्या धुसफुशीतूनच निघाले. सवय झालेल्या माणसाला ग्नोम फार सुखाचा वाटतो, मलाही वाटतो. मी बाईंना अर्धा तास शिकवले, त्यांनी मान डोलावली, आणि मी रविवारी रात्रीच्या एसटीने पुण्याला परतलो.

दोन आठवडे एकही फोन आला नाही. मला वाटले, झकास चालले आहे.

धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला, घरी आलो आणि संध्याकाळी वाचनालयात डोकावलो. दिवाळी अंकांचे गठ्ठे येऊन पडले होते. वर्षातली सगळ्यात धांदलीची वेळ. दिवाळी अंक योजनेची वेगळी वर्गणी भरलेले सभासद काउंटरपाशी उभे होते. आणि बाई अंकांची यादी फुलस्केपवर हाताने लिहीत होत्या, पट्टीने रेघा मारून. संगणकावर पूजेच्या वेळचे झेंडूचे फूल तसेच वाळून बसले होते.

"बाई, संगणक बिघडला काय?"

"नाही रे, चांगला आहे. हाताने लिहिलं की लवकर होतं." मग थोडे थांबून, "तू एवढं केलंस, तुला काय सांगायचं म्हणून गप्प बसले."

मशीन बंद पडले असते तर मला फोन आला असता. ते चालू होते, आणि वापरणारीने ते गुपचूप सोडून दिले होते. याची नोंद यंत्र स्वतःची ठेवते त्या कुठल्याच लॉगमध्ये होत नाही.

माउसला हात न लावता

दुसऱ्या दिवशी रविवार. वाचनालय बंद असते, पण बाई किल्ली घेऊन आल्या. मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसलो आणि ठरवले की माउसला हात लावायचा नाही, फक्त बघायचे. त्यांनी नेहमीचे काम करायचे आणि हात जिथे थबकेल तिथे मी वहीत खूण करायची. दीड तासात सतरा खुणा झाल्या.

पहिली खूण तिसऱ्याच मिनिटाला. पत्र उघडले, मध्येच नोंदवहीतला आकडा बघायचा म्हणून नोंदवही उघडली, आणि पत्र दिसेना. "अरे, माझं पत्र कुठं गेलं?" पत्र होते, नोंदवहीच्या मागे. पण खाली पट्टीच नसल्याने ते "गेले". विंडोज ९५ पासून तीस वर्षे माणसांचे डोळे उघडी कामे खालच्या पट्टीवर शोधतात. ती पट्टी म्हणजे बाईंच्या लेखी काउंटर. मी काउंटर उचलून माळ्यावर ठेवला होता आणि जिना दाखवून मोकळा झालो होतो.

दुसरी मोठी खूण ब्राउझर उघडताना. पडद्यावर एक खिडकी आली आणि 'कीरिंग'चा पासवर्ड मागू लागली. मी बाईंच्या सोयीसाठी सुरुवातीचा पासवर्ड काढून टाकला होता, यंत्र थेट डेस्कटॉपवर यायचे. पण ब्राउझरचे जतन केलेले पासवर्ड ज्या कुलपात असतात ते कुलूप लॉगिनच्या पासवर्डनेच उघडते. लॉगिनला पासवर्ड नाही म्हणून कुलूप बंद, म्हणून हा प्रश्न. बाई रोज ती खिडकी फुलीवर टिचकी मारून घालवत होत्या आणि आपले काहीतरी चुकते आहे असे समजत होत्या. सोय म्हणून मी जे केले त्यानेच रोजची शंका निर्माण झाली होती.

तिसरी, गोष्टीच्या तासाचा व्हिडिओ. आवाज येई, चित्र नाही. व्हिडिओची बरीच स्वरूपे पेटंटाखाली आहेत, म्हणून काही वितरणे ती उलगडणारी कोडेक आपणहून देत नाहीत. ती नंतर वेगळ्या भांडारातून आणायची असतात. माझ्या लॅपटॉपवर मी ती तीन वर्षांपूर्वी आणली होती आणि पार विसरून गेलो होतो. त्या शनिवारी बाईंनी मुलांना पुस्तकातूनच गोष्ट वाचून दाखवली. मुले खूश होती म्हणे. तरीही.

सतरा खुणा रात्री पुन्हा वाचल्या. त्यातल्या जेमतेम तिघींना 'लिनक्सची अडचण' म्हणता येईल. बाकी चौदा ठिकाणी कुणीतरी, म्हणजे वितरण बनवणाऱ्याने किंवा मी, बाईंच्या वतीने काहीतरी ठरवून टाकले होते आणि त्यांना सांगितले नव्हते.

वितरण म्हणजे तरी काय? गाभा, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ भाग, सगळ्यांचा एकच, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला. ऑफिसचे सॉफ्टवेअर तेच, ब्राउझर तेच. फरक असतो तो आधीच घेतलेल्या शेकडो निर्णयांत: पट्टी कुठे, कोडेक आत की बाहेर, अद्ययावत करण्याची आठवण कशी द्यायची, बिघडले तर परत कसे फिरायचे. टाकणारा माणूस गावातून निघून गेल्यावर हे निर्णय कामाला येतात. कुठले लिनक्स सोपे, हे मी तेव्हापासून माझ्या बोटांवरून ठरवत नाही. मी पुण्यात असताना बाईंचे काय होते, त्यावरून ठरवतो.

दुसरा प्रयोग

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी लिनक्स मिंट टाकले. आवृत्ती २२.२, सिनॅमन डेस्कटॉपची. पर्याय इतर होतेच. कुबुंटू आणि झोरिन ही दोन वितरणे मी पेनड्राइव्हवरून चालवून बघितली, दोन्ही चालली असती. सी-डॅक या सरकारी संस्थेचे बॉसही आहे. मिंट निवडले त्याला एक कारण तांत्रिक आणि एक अगदी घरगुती. तांत्रिक असे की २२ ची सगळी मालिका उबुंटू या दुसऱ्या वितरणाच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती चढवायला मी येऊ शकत नाही. घरगुती कारण असे की अभ्यासिकेतल्या एका मुलाच्या लॅपटॉपवर आधीच मिंट होते. ते कळले आणि मी कुबुंटूचा पेनड्राइव्ह खिशात टाकला.

मिंट २००६ मध्ये क्लेमां लफेव्हर याने सुरू केले. त्याचे सुरुवातीचे वेगळेपण हेच होते की उबुंटूवर लोकांना जे मागाहून टाकावे लागे, ते यात आधीच असे. आजही टाकताना एक खूण करायची चौकट येते, तिच्यावर टिचकी मारली की कोडेक आत. माझा शनिवारचा व्हिडिओ एका टिचकीवर होता.

खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, डेस्कटॉपवर चिन्हे, खिडकीला तिन्ही बटणे. बाई बसल्या, पत्र उघडले, खाली घेतले, नोंदवही उघडली, पत्र वर आणले. मी काहीच सांगितले नव्हते. "हं," एवढेच म्हणाल्या.

इथे एक कबुली द्यायला हवी. मिंट टाकताना मी जुनी हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली आणि जुन्या बाजारातून ४ जीबीची रॅमची पट्टी आणली. मिंटला किमान २ जीबी रॅम चालते, ४ असावी असे ते सांगतात. पण आजचा ब्राउझर एकटाच ४ जीबी गिळतो. यंत्र आता वीस सेकंदांत सुरू होते आणि सगळे त्याचे श्रेय लिनक्सला देतात. ते निम्म्याहून जास्त एसएसडीचे आहे. तीच एसएसडी विंडोजला बसवली असती तरी बाई खूश झाल्या असत्या. लिनक्सचे गोडवे गाणारे लोक हा हिशेब सांगत नाहीत. मीही अण्णांना सांगितलेला नाही.

मराठी टंकलेखन

आता खरी गाठ. बाईंनी शासकीय टंकलेखन परीक्षा दिलेली आहे, मराठी ३० शब्द प्रति मिनिट, तीही खटखट वाजणाऱ्या यंत्रावर. बोटे रेमिंग्टनची, म्हणजे त्या टंकयंत्रावरच्या कळांच्या मांडणीची. संगणक आल्यावर त्यांनी त्याच मांडणीचा जुना फॉन्ट धरला आणि दहा वर्षांची पत्रे त्यातच आहेत.

हे जुने फॉन्ट म्हणजे एक सोंग असते. फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षर 'डी' असते आणि फॉन्ट त्याच्या जागी 'क' चे चित्र दाखवतो. फॉन्ट नसला की सोंग उतरते. पहिल्या प्रयोगात बाईंनी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लिहिलेले जुने पत्र उघडले तेव्हा पानभर इंग्रजी अक्षरांचा खच पडला होता. त्यांना वाटले मी पत्रेच घालवली. फॉन्टची फाइल त्यांच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवली की पत्र पहिल्यासारखे दिसते, दोन मिनिटांचे काम. पण हे आधी कुणीतरी सांगावे लागते.

दिसले तरी टंकता येईना. या फॉन्टांत इंग्रजी कळा पुरत नाहीत, म्हणून काही अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे अल्ट दाबून उजवीकडच्या आकडेकळांवर चार आकडे मारून काढतात. बाईंना असे वीस-बावीस आकडे तोंडपाठ. पाढे म्हणावेत तसे त्यांचे बोट आकड्यांवरून फिरते. ही अल्ट-आकड्यांची युक्ती विंडोजची आहे. लिनक्समध्ये ती चालत नाही. वेगळी युक्ती आहे, पण तिला युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना जगभर ठरवून दिलेले, क्रमांक लागतात, तेही ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत लिहिलेले. पाठ झालेले बावीस आकडे एका रात्रीत निरुपयोगी. बाईंनी अल्ट दाबून चार आकडे मारले, काहीच उमटले नाही, पुन्हा मारले, पुन्हा नाही. मग हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसल्या. माझ्या वहीतल्या सतरा खुणांमधली ही एकच अशी होती जिच्यापुढे मला लिहायला काही सुचले नाही.

उपाय एकच, युनिकोड. पण सरकारी तक्त्यातली इनस्क्रिप्ट मांडणी त्यांच्या बोटांना परकी. मिंटमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या सेटिंगमध्येच मिळते. रेमिंग्टन हवी तर आयबस आणि एम-१७-एन नावाची दोन पॅकेजे आणावी लागतात. मग त्या संचात मराठीच्या बऱ्याच मांडण्या सापडतात, रेमिंग्टन आहे, उच्चाराप्रमाणे टंकायची गमभनसुद्धा आहे. सोपेपणाच्या परीक्षेत मिंट इथे नापास. इतके सगळे हाताशी असताना मराठी माणसाला ते शोधून काढावे लागते, आणि शोधायचे काय हे माहीत असल्याशिवाय सापडत नाही. मला माहीत होते म्हणून सापडले.

बाईंच्या परीक्षेच्या तक्त्याशी सगळ्या कळा जुळल्या नाहीत. न जुळणाऱ्यांची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवली. नवी पत्रे युनिकोडमध्ये, जुनी जुन्या फॉन्टात, बघायला आणि नक्कल काढायला. भाऊबीजेपर्यंत वेग निम्मा होता, नोव्हेंबरच्या अखेरीस पूर्ववत झाला. युनिकोडचा एक फायदा त्यांनी स्वतःच शोधला: नोंदवहीत लेखकाचे नाव मराठीत टाकून शोधता येते. "हे आधी का नाही सांगितलंस?" विंडोजवरही येत होते, बाई.

मी हौसेने सगळा डेस्कटॉपही मराठीत करून दिला होता. दुसऱ्या दिवशी फोन. "ते 'जतन करा' काढ बाबा. मला सेव्ह कळतं. आणि हे 'संपादन' म्हणजे एडिटच ना?" मेन्यू अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी होते, कारण भाषांतर पुरे झालेले नाही. पण ते पुरे असते तरी उत्तर हेच आले असते. मजकूर मराठी आणि बटणे इंग्रजी, ही त्यांची दहा वर्षांची घडी आहे. मी ती मोडायला गेलो होतो, तेही मराठीच्या प्रेमापोटी. मुकाट्याने इंग्रजी करून दिले.

प्रिंटर

वाचनालयाचा जुना लेझर प्रिंटर दणकट आहे, कार्यालयांतून सर्रास दिसतो त्यातला. पण तो संगणकाशी स्वतःच्या गुप्त भाषेत बोलतो आणि त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर, म्हणजे ती भाषा समजावून देणारे सॉफ्टवेअर, जुना, नव्या सिस्टीमवर बसता बसत नाही. दिवाळीच्या दोन संध्याकाळी मी त्यात घातल्या. पान निघाले, कोरे. मग निघाले, अर्धे. फराळाचे ताट घेऊन आलेल्या अध्यक्षांना दया आली. त्यांच्या घरी मुलाने घेऊन ठेवलेला वायफायचा प्रिंटर पडून होता. तो आणून नेटला जोडला. मी सेटिंग उघडायच्या आतच मिंटने वर निरोप दाखवला की प्रिंटर सापडला. पत्र बाहेर.

अलीकडचे बहुतेक प्रिंटर एका सामाईक पद्धतीने बोलतात, मोबाइलवरून प्रिंट निघते ती याच पद्धतीने. त्यांना ड्रायव्हर लागतच नाही. लिनक्सला प्रिंटर चालत नाही हे जुने वाक्य आता उलटे म्हणायला हवे: काही जुन्या प्रिंटरांना लिनक्स चालत नाही. आमचा कपाटावर आहे. अण्णांचे म्हणणे तो विकू नये, न जाणो.

जानेवारीतला फोन

संगणकाच्या सेटिंगमध्ये पाहुण्याचे सत्र चालू करायची सोय मिंटमध्ये आहे. ती अभ्यासिकेतल्या मुलांसाठी लावली. त्यात शिरायला पासवर्ड नाही आणि बाहेर पडले की केलेले सगळे पुसले जाते. फॉर्म भरायचा, प्रिंट काढायची, आपल्या पेनड्राइव्हवर घ्यायचे, निघायचे. एका मुलाची गुणपत्रिका दुसऱ्याच्या हाती लागत नाही, आणि कुणी पडद्यावर नटीचा फोटो लावला तरी सकाळी बाईंना तो दिसत नाही. बाईंच्या खात्याला पासवर्ड परत आला, त्यामुळे कीरिंगची कटकटही गेली.

टाइमशिफ्ट नावाची सोयही लावून दिली. ती सिस्टीमचे ठरावीक वेळाने चित्र घेऊन ठेवते, बिघडले तर मागच्या चित्रावर परतता येते. पुस्तकांची यादी मात्र त्यात नसते, ती वेगळी पेनड्राइव्हवर घ्यावी लागते. हा फरक मी बाईंना तीनदा सांगितला, कारण माझाच एकदा घोटाळा झाला होता.

जानेवारीत मी कार्यालयात असताना बाईंचा फोन आला. नेट बंद. काल संध्याकाळी अपडेट केले, सकाळपासून वायफायच नाही. आमचा वायफायचा डोंगल स्वस्तातला, त्याचा ड्रायव्हर गाभ्यात नसून बाहेरून बसवलेला. गाभा बदलला आणि ड्रायव्हर मागे राहिला. यावर लिनक्सकडे एक फार जुना आणि फार चांगला तोडगा आहे: नवा गाभा आला तरी जुना काढून टाकत नाहीत, तो शेजारी राहतो.

"बाई, बंद करून परत चालू करा. कंपनीचं नाव दिसलं की एस्केपची कळ टकटक दाबा, काळा पडदा येईल."

"आला."

"दुसरी ओळ, ॲडव्हान्स्ड लिहिलंय ती. खालचा बाण, एंटर. आता आतमध्ये आकडे दिसतील. सगळ्यात वरच्यापेक्षा लहान आकडा असलेली ओळ घ्या. रिकव्हरी लिहिलेली नको."

थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "आलं रे नेट. थांब, लिहून घेते."

चार मिनिटे झाली होती. पुढच्या खेपेला मी ड्रायव्हर नीट बसवला. पण त्या चार मिनिटांची मजा वेगळी. पहिल्या प्रयोगात दोन आठवडे त्या गप्प बसल्या होत्या, आणि आता अर्ध्या दिवसात फोन केला. खाली पट्टी दिसण्यापेक्षा मला याचे महत्त्व जास्त वाटते. काय बिघडले ते त्यांना शब्दांत सांगता येत होते, कारण बाकीचे सगळे ओळखीचे होते.

केरळच्या शाळांत वर्षानुवर्षे लिनक्स चालते, त्याचे कौतुक आपण ऐकतो. तिथे मलयाळममध्ये तयार केलेली सिस्टीम आहे, हे खरेच. पण त्याबरोबर शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले आणि अडचण आली की विचारायला माणूस ठेवला गेला. आमच्या वाचनालयात तो माणूस सव्वाशे किलोमीटरवर होता, म्हणून त्याचे काम शक्य तेवढे सिस्टीमकडून करून घ्यावे लागले.

सुटले नाही ते असे. खजिनदारांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, ते त्यांच्या लॅपटॉपवर राहिले. डिजिटल सहीची त्यांची टोकनही तिथेच. एका सरकारी तक्त्यात एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, आहेत, लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये ते अर्धवट चालतात, म्हणून तो तक्ता वर्षातून एकदा खजिनदारांकडे जातो. नोंदवही मात्र एक्सेलच्याच स्वरूपात सेव्ह होईल अशी कायमची सेटिंग करून ठेवली आहे, नाहीतर जिल्ह्याला पाठवलेली फाइल तिकडे उघडत नाही आणि उलट टपाली शेरा येतो.

मी कॉलेजात असताना, २००८ च्या सुमारास, उबुंटूची सीडी परदेशातून टपालाने फुकट यायची. नाव नोंदवायचे, काही आठवड्यांनी पाकीट. वसतिगृहात आम्ही ती एकमेकांना दाखवत फिरायचो. तेव्हा लिनक्स टाकता आले यातच फुशारकी होती. कुणाला तरी ते रोज वापरायचे आहे, हा विचार आमच्या खोलीत कुणीच केला नव्हता.

मार्चमध्ये गेलो तेव्हा बाई काउंटरवर नव्हत्या, बँकेत गेल्या होत्या. मी एक जुना अंक शोधायला कार्डांचे कपाट उघडले. विषयवार खणांत शेवटी एक नवा खण होता, वर चिठ्ठी: 'संगणक'. आत पुस्तकांच्या कार्डांवरच, बाईंच्या वळणदार अक्षरांत, वर्णानुक्रमे: 'अपडेट – ढालीच्या चिन्हावर ठिपका आला की', 'गोष्टीचा व्हिडिओ', 'नेट गेले तर', 'पेनड्राइव्ह काढताना', 'सेव्ह करताना एक्सेल'. 'नेट गेले तर' या कार्डावर एस्केप, दुसरी ओळ, लहान आकडा, सगळे क्रमाने. चौदा कार्डे मोजली. चौदाव्यावरचे अक्षर बाईंचे नव्हते, घाईचे, तिरके. 'पाहुण्याच्या सत्रात मराठी कीबोर्ड कसा आणावा.' खाली सही आणि अभ्यासिकेचा बैठक क्रमांक, २३. हे मी कुणाला शिकवले नव्हते.